पिठ्याचे खरे नाव सांगणारी माणसे आपल्या घरात घडावीत



मुलांनी शिकून काय व्हावे, हा प्रश्न आपल्या घरांत निघाला की उत्तरे ठरलेली असतात. डॉक्टर, इंजिनिअर, वकील, शिक्षक, पोलीस, तलाठी. ही सगळी कामे चांगलीच आहेत. पण आज आम्ही अशा एका विद्येविषयी लिहिणार आहोत, जिचे नाव आपल्या वस्तीत सहसा कुणी घेत नाही आणि जिच्यावर आपली मजुरी व आपला जीव दोन्ही अवलंबून आहेत. खवले किडी ओळखायच्या, त्यांचे वर्गीकरण करायचे आणि त्या कशा उत्क्रांत झाल्या हे शोधायचे, अशी ही विद्या आहे.

जालना जिल्ह्यातल्या माणसाला ही कीड नवी नाही. मोसंबीच्या बागेत काम करणाऱ्याने फांदीवरचे बारीक तपकिरी खवले नखाने खरवडून पाहिलेले असतात. ती खवले कीड. कपाशीच्या शेंड्याला आणि पात्याला पांढरे पीठ फासल्यासारखे दिसते, तो पिठ्या ढेकूण. सीताफळाच्या खाचांत कापसासारखे पांढरे चिकटलेले असते, ते याच कुळातले. तुतीचा शेंडा आखडून त्याचा गुच्छ होतो, त्याला टुकरा म्हणतात. तोही एका गुलाबी पिठ्यामुळेच होतो. ही सगळी भावंडे झाडाचा रस शोषून जगतात आणि त्यांतली बरीच अंगातून गोड चिकटा सोडतात. त्या चिकट्यासाठी मुंग्या येतात आणि किडीची राखण करतात. मग चिकट्यावर काळी बुरशी चढते आणि पान काळे पडते.

या कुळातले सगळेच मात्र शत्रू नव्हेत. आपल्या आजीच्या हातातली लाखेची बांगडी आणि पार्सलवर लावायची लाल लाख, हे सगळे लाखेच्या किड्याचे देणे आहे. तो किडाही खवले किडींचाच सख्खा भाऊबंद. त्याच्या अभ्यासासाठी रांचीजवळ १९२४ पासून सरकारी संस्था चालते. एकाच कुळात एक पोट भरणारा, एक पीक खाणारा. तेव्हा कोण कोणता हे नेमके कळले पाहिजे की नको?

आणि इथेच खरी अडचण आहे. खवले किडींच्या आठ हजारांहून अधिक प्रजाती जगात नोंदल्या गेल्या आहेत. त्यांपैकी सुमारे दोन हजार नुसत्या पिठ्या ढेकणांच्या. डोळ्यांनी पाहिले तर सगळे सारखेच पांढरे. मादीला पंख नसतात. ती जन्मभर पिलासारखीच राहते, पिशवीसारखी एका जागी चिकटून रस पीत असते. नराला मात्र एक जोडी पंख फुटतात आणि तो चिलटासारखा दिसतो. त्याला तोंडच नसते, म्हणून तो थोडे दिवस जगून मरतो. नर-मादी शेजारी ठेवले तर ती एका जातीची आहेत असे कुणाला सांगूनही पटणार नाही. मावा आणि पांढरी माशी हे यांचे नातलग. मोसंबी-लिंबावर येणाऱ्या पिठ्याच्या पोटात तर जीवाणू असतात आणि त्या जीवाणूंच्याही पोटात दुसरे जीवाणू असतात, हे २००१ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. निव्वळ रस पिऊन या किडीला जे पोषण मिळत नाही, ते हे पाहुणे तिला तयार करून देतात. लाखो वर्षांच्या उत्क्रांतीत जमलेला हा संसार आहे.

आता आपल्या कपाशीची हकीकत पाहा. २००६ ते २००८ या काळात देशातल्या कापूसपट्ट्यात पिठ्याने कहर केला. शेतकरी म्हणे नवीन रोग आला, दुकानदार म्हणे हे औषध न्या, ते औषध न्या. पण ही कीड नेमकी कोणती, हेच आधी नक्की नव्हते. काहींनी तिला नवे नाव दिले, काहींना ती जास्वंदीवरची गुलाबी पिठ्या वाटली. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने नऊ राज्यांतल्या ४७ ठिकाणांहून नमुने गोळा केले. त्यांतले ९५ टक्के एकाच प्रजातीचे निघाले, ती म्हणजे फेनाकॉकस सोलेनोप्सिस. ही कीड मूळची अमेरिकेतली. टिन्सले नावाच्या शास्त्रज्ञाने १८९८ मध्येच तिचे वर्णन करून ठेवले होते आणि मुंगीच्या नावावरून तिचे नाव ठेवले होते. पण आपल्याकडचे नमुने जुन्या वर्णनाशी तंतोतंत जुळेनात. तेव्हा वेल्समधले तज्ज्ञ ख्रिस हॉजसन आणि पाकिस्तानातले शास्त्रज्ञ यांनी मिळून २००८ मध्ये दाखवून दिले की हंगाम बदलला की या किडीच्या अंगावरच्या खुणाही थोड्या बदलतात. कीड एकच होती, फक्त तिची रूपे वेगळी दिसत होती.

नाव कळून काय मिळाले, असे कुणी विचारील. नाव कळले म्हणजे गाव कळले. कीड कुठली, तिचे वैरी कोण, ती आणखी कोणत्या झाडांवर राहते, हे सगळे त्या नावाखाली जगभर लिहिलेले असते. ही कीड गाजरगवतावर तग धरते हे कळले, म्हणून बांधावरचे गाजरगवत उपटण्याचा सल्ला देता आला. तिच्या अंगात अंडी घालणारी एक चिमुकली गांधीलमाशी २००८ मध्ये आपल्याच देशात सापडली. अलिगढ मुस्लिम विद्यापीठाचे मोहम्मद हयात यांनी २००९ मध्ये तिला नवी प्रजाती म्हणून नाव दिले. पुढे तज्ज्ञांनी ठरवले की अमेरिकेतल्या ॲरिझोनातून पूर्वीच वर्णन झालेली माशी ती हीच. म्हणजे किडीपाठोपाठ तिचा वैरीही आपल्या देशात आपणहून आला होता. ही माशी एका पैशाचेही औषध न लागता शेतोशेत पिठ्याला पोखरून मारीत होती आणि आपण मात्र किडीबरोबर तिलाही विषाने मारीत होतो.

वाचकहो, हे विष कुणाच्या अंगावर पडते? पिठ्याच्या अंगावर मेणाचा थर असतो, औषध त्यावरून ओघळून जाते. मग मालक म्हणतो, आणखी कडक मारा, दोन औषधे एकत्र करून मारा. पंप पाठीवर असतो तो मजुराच्या. मागून ओल्या कपाशीत खुरपायला वाकते ती आपली आई नाही तर बहीण. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात गेले. ती फवारणी पिठ्यासाठीच होती असे आमचे म्हणणे नाही. पण कीड न ओळखता औषध मारण्याची सवय तीच आहे. किडीचे चुकीचे नाव कागदावर खोडता येते, मजुराच्या फुप्फुसात गेलेले विष खोडता येत नाही.

ओळख चुकली की काय होते, याचे एक जुने उदाहरण आपल्याच देशातले आहे. निवडुंगावर राहणाऱ्या एका खवले किडीपासून किरमिजी लाल रंग निघतो. तो रंग स्वस्तात मिळावा म्हणून ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात १७९५ मध्ये ब्राझीलहून ही कीड भारतात आणली गेली. पण आणली ती भलतीच! रंगाची खरी कीड राहिली तिकडेच, तिची चुलत बहीण इकडे आली. रंग काही मिळाला नाही. उलट तिने दक्षिणेतले निवडुंगाचे रान खाऊन साफ केले. निवडुंग माजला होता म्हणून त्या चुकीतून फायदा झाला. पण नशिबावर शेती चालत नाही.

दुसरे उदाहरण आफ्रिकेतले. आपण साबुदाणा ज्या कंदापासून करतो, तो कंद म्हणजे आफ्रिकेतल्या कोट्यवधी गरिबांची भाकरी. १९७० च्या दशकात तिथे एका पिठ्याने त्या पिकाचा फडशा पाडायला सुरुवात केली. पॅरिसच्या संग्रहालयातल्या दानियेल मातिल-फेरेरो या बाईंनी १९७७ मध्ये त्याचे वर्णन करून नाव दिले. कीड दक्षिण अमेरिकेतली असणार म्हणून तिचा वैरी शोधायला शास्त्रज्ञ तिकडे गेले. उत्तरेकडच्या भागात त्यांना हुबेहूब तसाच पिठ्या सापडला, पण त्याच्यावरच्या माश्या आफ्रिकेतल्या किडीला शिवेनात. असे का व्हावे? लंडनच्या जेनिफर कॉक्स आणि डग्लस विल्यम्स यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून १९८१ मध्ये सांगितले की ही कीड वेगळीच आहे. त्याच वर्षी पॅराग्वेत खरी कीड सापडली, तिच्यावरची माशी सापडली आणि ती आफ्रिकेत सोडली गेली. पीक वाचले. या कामाबद्दल हान्स हेरेन यांना १९९५ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पुरस्कार एकाला मिळाला, पण काचपट्टीवर डोळे शिणवणाऱ्या त्या बायका-पुरुषांवाचून ते काम पुढे गेलेच नसते.

आता प्रश्न येतो की अशी माणसे तयार कशी होतात. या विद्येत पुस्तक पाठ करून भागत नाही, गुरूजवळ बसून हात बसवावा लागतो. फांदीवरची कीड अल्कोहोलमध्ये ठेवायची. पॉटॅशच्या कोमट द्रावणात तिच्या आतला गर विरघळवून फक्त कातडी उरवायची. ती कातडी सुईच्या टोकाने स्वच्छ करायची, तांबड्या रंगात रंगवायची आणि डिंकासारख्या बाल्समात काचपट्टीवर कायमची बसवायची. मग सूक्ष्मदर्शकाखाली मिशीचे पेर मोजायचे, मेण सोडणारी छिद्रे मोजायची, कडेच्या काट्यांच्या जोड्या मोजायच्या. चिठ्ठीवर गाव, तारीख, झाड आणि गोळा करणाऱ्याचे नाव लिहायचे. चिठ्ठी नसेल तर काचपट्टीला किंमत नाही. आता डीएनए पाहूनही ओळख पटवतात. पण तो डीएनए कोणत्या नावाचा, हे आधी कुणीतरी काचपट्टीवरून सांगितलेले असावे लागते. हात आणि नजर बसायला काही वर्षे जातात.

अशी नजर असलेली माणसे जगात फार थोडी उरली आहेत. म्हाताऱ्या तज्ज्ञांबरोबर त्यांची विद्या जाऊ नये म्हणून अमेरिकेत १९९० च्या दशकात खास योजना काढून तरुणांना त्यांच्या हाताखाली बसवण्यात आले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत पेनी गुलन या बाईंनी खवले किडींचे नवे अभ्यासक असेच तयार केले. आपल्या देशात हे काम कोलकात्याचे भारतीय प्राणी सर्वेक्षण, दिल्लीची पुसा संस्था आणि बंगळूरचे राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन केंद्र येथे चालते. पपईवरचा पिठ्या २००८ मध्ये कोईम्बतूरला सापडला, तेव्हा बंगळूरच्या याच संस्थेने २०१० मध्ये पोर्टो रिकोहून त्याच्या वैरी माश्या आणून वाढवल्या आणि शेतकऱ्यांना वाटल्या. किडीचे नाव नक्की ठाऊक होते, म्हणून माशी कुठून आणायची तेही ठाऊक होते.

मग जालन्याच्या पोरापोरींनी यात का जाऊ नये? ज्यांनी लहानपणापासून कपाशीत उभे राहून कीड पाहिली, त्यांच्याइतकी नजर शहरातल्या मुलाला कुठून येणार? प. पू. बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय काढले, ते मराठवाड्यातल्या आपल्या मुलांनी नुसती कारकुनी करावी म्हणून नव्हे. बारावीला जीवशास्त्र घेतले आणि सीईटी दिली की बी.एस्सी. कृषीचा रस्ता उघडतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे महाविद्यालय आपल्याच जिल्ह्यात बदनापूरला आहे. पुढे परभणीला किंवा अखिल भारतीय परीक्षा देऊन दिल्लीला कीटकशास्त्रात एम.एस्सी. करता येते. साध्या बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलेल्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात पुढचे शिक्षण घेता येते. १९९० च्या कायद्याने बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, तेव्हा भारत सरकारची शिष्यवृत्ती, पीएच.डी.साठी राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती, पुण्याच्या बार्टीची मदत आणि परदेशी जाण्यासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, ही दारे आपल्याला उघडी आहेत. नियम आणि तारखा बदलतात, म्हणून जाहिरातीवर लक्ष ठेवावे आणि दाखले वेळेत काढून ठेवावेत.

निव्वळ वर्गीकरणाच्या जागा थोड्याच निघतात, हे आम्ही लपवत नाही. पण हीच पदवी कृषी अधिकारी, प्राध्यापक आणि बंदरा-विमानतळावर परदेशी झाडे तपासणारा अधिकारी होण्यासाठीही चालते. एकाच गोष्टीवर घर उभे करू नये. पण ती गोष्ट मुलांना माहीतच नसावी, हेही बरोबर नाही.

काही उपासिका विचारतील की पहिले शील पाळणाऱ्याने कीटक मारण्याची विद्या शिकावी काय. प्रश्न रास्त आहे. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. पाच-पंचवीस किडी काचपट्टीवर ठेवून जो अभ्यासक अख्ख्या शिवारावरची विषफवारणी टाळतो, त्याच्या हातून हिंसा वाढत नाही, घटते. न ओळखता सरसकट विष मारणे हेच अविचाराचे. येऊन पाहा आणि पटले तर घ्या, असे सांगणाऱ्या तथागतांच्या अनुयायांना भिंगातून पाहण्याची लाज कसली?

आणखी एक गोष्ट या विद्येत आपल्या कामाची आहे. वर्गीकरण म्हटले की आपल्या मनात कळ उठते, कारण माणसांचे वर्गीकरण करणाऱ्यांनी आपल्याला गावकुसाबाहेर ठेवले. पण विज्ञानातले वर्गीकरण पुराव्यावर उभे असते. पुरावा बदलला की नाव बदलते आणि कुणाचा मान जात नाही. अलिगढच्या माशीचे नाव बदललेच ना? पोथीतली उतरंड मात्र पुरावा मागू देत नाही. जातिभेद हा निसर्गाने केलेला भेद नव्हे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच 'जातिप्रथेचे उच्छेदन' लिहून सिद्ध केले होते. वरच्या रूपावरून वेगळी जात ठरवू नये, हे तर कपाशीवरचा पिठ्याही शिकवतो.

तेव्हा या आठवड्यापासून घरात काय करता येईल? एक साधे दहापट मोठे दाखवणारे भिंग आणा. एका घराला जड जात असेल तर विहारात वर्गणीतून आणा. रविवारी वंदना झाली की मुलांना जास्वंदीवरचा, पेरूवरचा, सीताफळावरचा पिठ्या पाहू द्या. मुंग्या कशा राखण करतात ते वहीत लिहू द्या. दारच्या झाडावर पिठ्या असेल तर ब्रशने आणि साबणाच्या पाण्याने धुवा, फार झाला तर फांदी छाटा. लेकरे खेळतात तिथे विष मारू नका. किडक्या शेतातून आल्यावर कपडे आणि वेचणीची झोळी झटकून धुवा, कारण पिठ्याची बारीक पिले कपड्यावरून दुसऱ्या शेतात जातात. शेतात वेगळी कीड दिसली तर फांदीसकट कागदी पुडीत घाला, पेन्सिलीने गाव, तारीख, झाड लिहा आणि खरपुडीच्या किंवा बदनापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात नेऊन विचारा. आणि फवारणीच्या कामाला जाणाऱ्या भावांनो, पंप उचलण्याआधी दोन गोष्टी विचारत जा. कीड कोणती? आणि बाटलीवरचा त्रिकोण कोणत्या रंगाचा? लाल म्हणजे सर्वांत जहरी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. विचारणाऱ्या मजुराला मालक उद्धट म्हणेल. म्हणू द्या. जीव आपला आहे.

आपल्या आज्या-आयांनी लोकांच्या शेतात वाकून कापूस वेचला. त्यांच्या नातवंडांपैकी एकाने, एकीने जरी सूक्ष्मदर्शकावर वाकून त्याच कापसावरच्या किडीचे खरे नाव सांगितले, तर पाठीवर पंप असलेल्या कितीतरी माणसांचे ओझे हलके होईल.

जयभीम! नमो बुद्धाय!